मोड आणायचा डबा: बडोद्याच्या आश्विनात कुठला कामाचा, कुठला नाही

बडोद्यात पाऊस ओसरला की दुपारचं ऊन पुन्हा चटके देऊ लागतं आणि रात्रीची जागरणं सुरू होतात. आधी नवरात्रातला गरबा, मग कोजागिरी, मग दिवाळीची खरेदी. जेवण दहावर जातं, बारा-एकला पुन्हा भूक लागते आणि शेव-उसळीच्या गाड्यांवर गर्दी होते. या दिवसांत खाण्याला वळण लावायचं तर एका वेळी दहा नेम धरून भागत नाही, अष्टमी यायच्या आत त्यातले नऊ सुटतात. रोज माणशी एक वाटी मोड आलेलं कडधान्य, एवढा एकच नेम धरावा आणि तो दिवाळीच्या पलीकडे न्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. शरद हा पित्ताचा ऋतू, आणि आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत या दिवसांसाठी साळीच्या भाताबरोबर मूग सांगितले आहेत. मराठी घराला उसळ शिकवावी लागत नाही. अडतं ते दोन ठिकाणी: भिजत घालायचं रोज लक्षात राहत नाही, आणि लक्षात राहिलं तरी या उबदार, दमट हवेत मोड नासतात.

या अडचणींवर उपाय म्हणून 'स्प्राउट मेकर' या नावाने डबे विकले जातात. त्यातले तीन प्रकार इथे पारखले आहेत: तीन मजली प्लॅस्टिकचा, भोकांच्या कप्प्यांचा स्टीलचा आणि जाळीच्या झाकणाची काचेची बरणी. तुलनेला घरातला जुना पंचा आहेच. निकाल आधीच सांगून टाकू. चौघांच्या घराने दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा घ्यावा. एकट्यादुकट्याला बरणी पुरते. प्लॅस्टिकचा डबा फक्त काही अटींवर घ्यावा. आणि कडव्या वालांसाठी पंच्याला अजून तोड नाही.

डब्याची पारख करायची तर तो नेमकं काय करतो हे आधी नीट कळायला हवं. भिजलेला दाणा जिवंत असतो, श्वास घेतो, त्याला हवा लागते आणि त्यातून थोडी उष्णताही निघते. म्हणून मोड यायला ओल हवी, पण पाणी साचलेलं नको. दाण्यांखाली नुसतं बोटभर पाणी राहिलं तरी तळच्या थराला हवा मिळत नाही, तिथे जंतू माजतात आणि आंबूस वास सुटतो. मोड आणतो तो दाणाच, डब्याने फक्त तीन गोष्टी सांभाळायच्या असतात: पाणी पूर्ण निथळावं, हवा खेळावी, आणि दाणे सुकू नयेत. २५ ते ३० अंशांत हे सगळं आपोआप जमतं. बडोद्यात ऑक्टोबरच्या दुपारी पारा ३५ च्या आसपास जातो, तिथे मोडही झपाट्याने वाढतात आणि जंतूही. त्यामुळे इथे, या ऋतूत, डब्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे निथळणं. झाकणाची नक्षी आणि पाकिटावरची पाककृती यांना काही अर्थ नाही.

म्हणून दुकानातच एक परीक्षा करून घ्यावी. कप्प्यात पेलाभर पाणी ओतायला सांगा. अर्ध्या मिनिटात ते खाली उतरलं पाहिजे आणि कप्पा सपाट धरल्यावर कोपऱ्यांत थेंबांचं तळं राहता कामा नये. तळ मधोमध किंचित वर उचललेला असेल तर कडेने गोल पाणी राहतंच, असा डबा परत द्यावा. दुसरी गोष्ट, सगळ्यात खालच्या कप्प्याचा तळ आणि त्याखालच्या वाडग्यात जमणारं पाणी यांत निदान अर्धा इंच अंतर हवं. ते नसेल तर निथळलेलं पाणी पुन्हा दाण्यांना लागतं. तिसरी, भोकं. दीड मिलिमीटरच्या आसपासचं भोक मूग, मटकी, चवळी, हरभरा या सगळ्यांना चालतं. त्याहून मोठं असेल तर मटकीचे मोड भोकातून खाली उतरतात, कप्पा उचलला की तुटतात आणि उरलेले तुकडे भोकात अडकून सडतात. नाचणी मात्र कुठल्याच डब्यात टिकत नाही, तिला फडकंच हवं.

तीन मजली प्लॅस्टिकचा डबा सगळ्यात जास्त खपतो, कारण स्वस्त, हलका आणि ओट्यावर कमी जागा घेणारा. दोन जाळीचे कप्पे, खाली पाण्याचा वाडगा, वर झाकण. त्याची रचना चांगली आहे, आणि दोन कप्प्यांमुळे एक आजचा, एक उद्याचा असा रोजचा क्रम लावता येतो. पण झाकण बहुतेक वेळा फार घट्ट बसतं. पावसाळी दमटपणा अजून गेलेला नसतो, तेव्हा झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब लोंबू लागतात आणि वरचा थर गिळगिळीत होतो. अशा वेळी झाकण नुसतं तिरकं ठेवावं किंवा त्याऐवजी ओलं करून पिळलेलं पातळ फडकं टाकावं. दुसरा दोष स्वच्छतेचा. प्लॅस्टिकवर घासणीचे ओरखडे पडतात, त्यांत चिकट थर धरतो आणि तो साध्या साबणाने निघत नाही. महिन्या-दोन महिन्यांत कप्प्याला उतरत नाही असा वास लागतो, मग नवे दाणे कितीही चांगले असोत, ते लवकर आंबतात. घ्यायचाच असेल तर तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा पाहून घ्या. ते पॉलिप्रोपिलीन असतं, कडकडीत पाणी सोसतं. हा आकडा नसलेला, नाकाजवळ धरताच उग्र वास येणारा किंवा दाबल्यावर कडकड वाजणारा डबा घेऊ नये. घासायला तारेची घासणी वापरायची नाही, जुना मऊ टूथब्रश वापरायचा, तोही फक्त याच कामासाठी ठेवलेला.

दोन कप्प्यांचं एक गणित पाकिटावर सहसा लिहिलेलं नसतं. वरच्या कप्प्याचं पाणी खालच्यावर ठिबकतं. नुकतेच भिजवून काढलेले हरभरे वर ठेवले तर त्यांचं तपकिरी, फेसाळ पाणी खालच्या तयार मोडांवर पडतं. म्हणून ताजे दाणे नेहमी खाली आणि जुने वर ठेवावेत, आणि धुताना दोन्ही कप्पे वेगवेगळे नळाखाली धरावेत. वरून पाणी ओतलं की खालपर्यंत सगळं धुतलं जातं, हा समज सोडून द्यावा.

स्टीलचा डबा प्लॅस्टिकपेक्षा महाग पडतो, पण बडोद्याच्या हवेसाठी आमची पसंती त्यालाच. कारण सोपं आहे: तो उकळत्या पाण्यात घालता येतो, त्यावर ओरखड्यांत थर धरत नाही आणि वास राहत नाही. जुन्या शहरात मांडवीच्या बाजूच्या गल्ल्यांत भांड्यांच्या दुकानांतून फिरलात तर हाताने उलटापालटा करून घेता येतो, आणि हा डबा तसाच घ्यावा, फोटो पाहून नाही. त्यात पाहायचं ते भोकांची आतली बाजू. यंत्राने भोक पाडताना पत्र्याची बारीक धार एका बाजूला उमटते. ती घासून काढलेली नसेल तर मोड तिच्यावर कापले जातात, फडकं अडकतं आणि काही दिवसांत भोकाभोवती गंजाचे तपकिरी ठिपके दिसू लागतात. कापसाचा बोळा आतून हलकेच फिरवून पाहा. तंतू अडकले तर दुसरा डबा मागा. लोहचुंबक लावून स्टील ओळखण्याचा दुकानदारांचा आवडता प्रयोग इथे उपयोगी नाही, कारण हलक्या आणि चांगल्या, दोन्ही प्रतींच्या स्टीलला चुंबक सहसा धरत नाही. पत्र्याची जाडी, कडेची वळलेली गोट आणि भोकांची सफाई पाहून ठरवा.

स्टीलचा एकच खरा दोष म्हणजे आतलं दिसत नाही. झाकण उघडून पाहावं लागतं, आणि विसराळू माणसाकडून ते राहून जातं. डबा गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवावा, नाहीतर पत्रा तापतो आणि कडेचे दाणे शिजल्यासारखे मऊ पडतात. फ्रिजच्या डोक्यावर, जिथे मागून गरम हवा येते, तिथेही ठेवू नये. पाणी भरलेल्या माठाशेजारची, उन्हापासून आडोशाची जागा उत्तम.

बरणीचा प्रकार तरुण मंडळींत आवडता आहे. लिटरभराची रुंद तोंडाची काचेची बरणी, तिच्यावर स्टीलच्या जाळीचं झाकण. भिजवणं, धुणं, निथळवणं सगळं एकाच भांड्यात होतं, रोळी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. अट एकच: बरणी उपडी-तिरकी ठेवायची, साधारण ४५ अंशांत, आणि खाली ताटली. सरळ उभी ठेवली की तळाशी पाणी साचतं आणि सगळा माल वाया जातो. लिटरच्या बरणीत ५०-६० ग्रॅमच्या वर सुके मूग घालू नयेत, मोड एकमेकांत गुंततात, गठ्ठा होतो आणि मधल्या दाण्यांना हवा मिळत नाही. एक-दोन माणसांना एवढे पुरतात. चौघांच्या उसळीला रोज दोन बरण्या मांडत बसण्यात अर्थ नाही. मेथीचे मोड मात्र बरणीत फार सुरेख येतात.

आणि पंचा. खर्च नाही, ओल सगळीकडे सारखी, आणि गाठ घट्ट मारली तर दाण्यांवर दाब पडतो. दाबाखाली वाढणाऱ्या कोंबात इथिलीन वायू जास्त तयार होतो, त्याने कोंब लांबण्याऐवजी जाड आणि ठसठशीत होतो. बिरड्यासाठी कडव्या वालांना लागतात तसे मोड हे असेच मिळतात, डब्यात वाल लांबट आणि हडकुळे होतात. पंच्याचा त्रास पुढचा: मुळं सुतात घुसतात, सोडवताना मोड तुटतात, आणि पंचा प्रत्येक वेळी उकळून उन्हात कडक वाळवावा लागतो. ओलसर राहिलेला पंचा पुन्हा वापरला तर पुढची खेप नासलीच म्हणून समजा. आठवड्यातून एकदा वाल करणाऱ्याला हे जमतं, रोजच्या नेमाला जड जातं.

विजेवर चालणारे, आतून ऊब देणारे डबेही मिळतात. बडोद्यात निदान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तरी त्यांची गरज नाही, हवेतच हवी तेवढी ऊब असते.

आता नेमाचं वेळापत्रक, कारण डबा किती चांगला हे शेवटी त्यावरच ठरतं. या दिवसांत मूग आणि मटकी यांचं चक्र चोवीस तासांच्या आत पूर्ण होतं. रात्री नऊ-दहाला, जेवणानंतर ओटा पुसताना भिजत घालायचं. सकाळी चहाचं आधण ठेवताना निथळून, दोनदा धुऊन डब्यात भरायचं. दुपारी एकदा नळाखाली धुऊन पुन्हा निथळवायचं. संध्याकाळी सहा-सातला अर्ध्या ते एक सेंटिमीटरचे मोड तयार असतात, फोडणीला घालता येतात. दुपारी घरात कोणी नसेल तर सकाळी धुताना शेवटचं पाणी माठातलं गार घ्यावं आणि डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवावा. नव्या कामासाठी नवी वेळ काढण्यापेक्षा आधीच्या कामाला ते जोडून द्यावं. ओटा पुसणं आणि चहा ठेवणं कुठल्याच घरात चुकत नाही, म्हणून या दोन वेळा निवडल्या आहेत. गरब्याच्या रात्री परतायला उशीर होणार असेल तर निघण्यापूर्वी भिजत घालावं, पण मग भांडं फ्रिजमध्ये ठेवावं. मूग-मटकी बाहेर आठ-नऊ तासांहून जास्त भिजली की पाण्यावर फेस येतो, दाणे गुदमरतात आणि अर्ध्यांना मोडच येत नाहीत.

प्रमाण असं. माणशी २५ ते ३० ग्रॅम सुकं धान्य, म्हणजे चौघांना १०० ते १२० ग्रॅम, साधारण एक आमटीची वाटी भरून. भिजल्यावर वजन दुप्पट होतं, मोड आल्यावर अडीच पटीच्या आसपास. भिजवताना पाणी धान्याच्या तिप्पट असावं, कमी पडलं तर वरचे दाणे कोरडे राहतात. कप्प्यात भिजलेल्या दाण्यांचा थर दोन सेंटिमीटरहून जाड नसावा, आणि थराच्या वर निदान त्याच्या दुप्पट मोकळी जागा हवी. १०० ग्रॅमसाठी वीत-भर व्यासाचा कप्पा पुरतो. थर जाड झाला की मध्ये उष्णता कोंडते. हात घालून पाहा, मधला भाग कोमट लागला तर ताबडतोब धुऊन पसरवा.

बाकी धान्यांना वेळ जास्त लागतो. चवळी आणि मसूर आठ-दहा तास भिजवून पुढे अठरा ते चोवीस तास. हरभरा दहा-बारा तास भिजवून चोवीस ते छत्तीस तास. सुका वाटाणा, जो शेव-उसळीत असतो, सगळ्यात लहरी: साल जाड, दाणा मोठा, आतून लवकर बुळबुळतो. त्याला दर सहा-सात तासांनी धुवायला हवं, आणि कोंबाचं टोक दिसलं की थांबावं. राजमा मोड आणून कच्चा किंवा अर्धवट शिजवून खाण्याच्या भानगडीत कधीच पडू नये, त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन पूर्ण उकळल्याशिवाय निकामी होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात.

बिघाड कुठे होतो, तर बहुतेक वेळा धान्यात, डब्यात नव्हे. हाथीखान्यात घाऊक किंवा खंडेराव मार्केटच्या आसपास किरकोळ घेताना दाणा एकसारखा, तुकतुकीत आणि किडीचं भोक नसलेला पाहावा. मटकीला इथे 'मठ' म्हणून मागावं लागतं. खरिपाचा नवा मूग याच दिवसांत बाजारात येऊ लागतो, तो मोडांना चांगला, फक्त नव्या मालात गणंग दाणे थोडे जास्त असू शकतात. भिजवून काढल्यावर जे दाणे टणक, लहान आणि चकचकीत राहिलेले दिसतील ते हाताने वेचून टाका. त्यांना मोड येत नाहीत, ते शिजतही नाहीत, आणि दाताखाली आला तर दात दुखावतो. तुटके दाणेही काढावेत, आंबायची सुरुवात त्यांच्यापासून होते. आणि एक गोष्ट अतिशय गंभीरपणे सांगायची आहे: पेरणीसाठी विकलं जाणारं बियाणं, विशेषतः गुलाबी किंवा निळसर रंग चढवलेलं, कधीही खायला वापरू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं आणि ते धुऊन जात नाही.

इथल्या घरांत वर्षाचं धान्य एरंडेल चोळून भरायची पद्धत आहे. असे दाणे थेट भिजत घातले तर तेलाच्या पापुद्र्यामुळे पाणी हळू मुरतं आणि डब्याच्या भोकांना चिकटा धरतो. आधी कोमट पाण्यात थोडं कणकेचं पीठ घालून दाणे चोळावेत, पीठ तेल ओढून घेतं, मग दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवावेत. शहराच्या कडेच्या सोसायट्यांत बोअरचं पाणी असतं. ते जड असेल तर दाण्याची साल चिवट राहते, उसळ शिजायला वेळ लागतो आणि स्टीलवर पांढरे डाग पडतात. भिजवायला पिण्याचं पाणी वापरा, धुवायला बोअरचं चालेल, डाग लिंबाच्या सालीने निघतात.

वास हीच खरी कसोटी. चांगल्या मोडांना कच्च्या शेंगेसारखा हिरवा वास येतो. आंबूस वास, बोटांत धरून ओढल्यावर सुटणारी तार, किंवा सालीवर करडी लव दिसली तर सगळं टाकून द्यावं. धुऊन, जास्त मसाला घालून ते चालवून घेऊ नये. मुळांजवळ पांढरे, अगदी बारीक, सगळीकडे सारखे केस दिसले तर मात्र घाबरू नका. ती मूळरोमं असतात, पाण्याखाली धरताच मुळाला चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी तशी बसत नाही, ती एका जागी जाळ्यासारखी पसरते. मुंग्या आणि चिलटं या दिवसांत हमखास येतात, डबा पाणी घातलेल्या परातीत ठेवला की मुंग्यांचा प्रश्न मिटतो.

कच्चे मोड खाण्याचा आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो. आम्ही तो धरत नाही. ज्या उबेत आणि ओलीत मोड वाढतात त्याच उबेत आणि ओलीत साल्मोनेला, ई. कोलाय यांसारखे जंतूही वाढतात, आणि ते दाण्याच्या आत असतील तर धुऊन जात नाहीत. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची मोठी साथ पसरली आणि त्यात पन्नासहून अधिक माणसं दगावली. गरोदर बायका, लहान मुलं, वडीलधारी माणसं आणि मोठ्या आजारातून उठलेले यांनी कच्चे मोड खाऊच नयेत. बाकीच्यांनीही पाच-सात मिनिटं वाफवून, आतून वाफाळेपर्यंत गरम करून खावेत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर कडधान्याचं रोजचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

प्रथिनांबद्दलही डब्यांच्या पाकिटांवर नको तेवढं लिहिलेलं असतं. मोड आल्याने प्रथिनं वाढत नाहीत. १०० ग्रॅम सुक्या मुगात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. घरच्या आखूड मोडांत पाणी मिसळल्याने १०० ग्रॅमला ती नऊच्या आसपास येतात, आणि चायनीज पदार्थांत घालतात त्या लांब पांढऱ्या मोडांत जेमतेम तीन. फायदा दुसरीकडे आहे: क जीवनसत्त्व वाढतं, लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं, आणि पोटात वायू धरणाऱ्या शर्करा घटतात. शिजवताना क जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, म्हणून वाढताना वरून लिंबू पिळावं, त्याने लोहही चांगलं शोषलं जातं. उसळीबरोबर चहा घेऊ नये, तासभर मागेपुढे ठेवावा, चहातली द्रव्यं लोह अडवतात. सवय नसेल तर पहिला आठवडा पाव वाटीने सुरुवात करा, आलं आणि हिंग घाला, पोट कुरकुरणार नाही.

उसळ शिजवताना दोन चुका नेहमी होतात. पहिली कुकरची शिट्टी. मोड आलेली मटकी कुकरमध्ये पिठासारखी होते. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, बारीक चिरलेला एक कांदा, दोन वाट्या मोड, वर पाण्याचं झाकण. झाकणातलं पाणी तापलं की तेच कपभर आत घालायचं. मंद आचेवर दहा-बारा मिनिटांत दाणा शिजतो पण अख्खा राहतो. दुसरी चूक म्हणजे आमसूल आधी घालणं. आंबटाने दाण्याची साल घट्ट होते आणि मग ती कितीही उकळली तरी मऊ पडत नाही. दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ आणि चमचाभर गोडा मसाला हे सगळं दाणा बोटाने दबल्यावर घालावं. लवकर शिजावं म्हणून सोड्याची चिमूट घालू नये, त्याने ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. शेव-उसळ हवीच असेल तर मोड आलेल्या वाटाण्याची पातळ उसळ करा आणि शेव वरून चमचाभरच पेरा. गाडीवरच्या पदार्थातलं मीठ आणि तेल बऱ्याच अंशी शेवेतून आणि तर्रीतून येतं.

तयार मोड कोरड्या फडक्यावर पसरून पाणी टिपून घ्यावं, मग घट्ट झाकणाच्या डब्यात फडक्याची घडी खाली घालून फ्रिजमध्ये ठेवावेत. दोन ते तीन दिवस चांगले राहतात. मोडांचा भोकांचा डबा तसाच ओला फ्रिजमध्ये सरकवू नये, मोड सुकतात आणि फ्रिजभर वास पसरतो. डबा रिकामा झाला की त्याच दिवशी ब्रशने घासून कडकडीत पाण्यातून काढावा आणि उन्हात पालथा वाळवावा.

देवदिवाळीनंतर रात्री गार पडू लागल्या की वेळा बदलतात. भिजवायला कोमट पाणी घ्यावं, मुगाला डब्यात अठरा-वीस तास धरावेत आणि डबा स्वयंपाक झाल्यावर ओट्यावरच, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवावा. झाकणावरची भोकं मात्र टॉवेलने बुजवू नयेत. स्टीलचा डबा घेताना एक जादा कप्पा सुटा मिळतो का हे दुकानात तेव्हाच विचारून ठेवा. थंडीत मोडांना दुप्पट वेळ लागतो, आणि रोजचा क्रम तुटू द्यायचा नसेल तर तिसरा कप्पा लागतोच.